पक्षाघाताचा वेगळा वॉर्ड

पक्षाघाताच्या रुग्णाला रुग्णालयात ठेवून त्याचे काही भले करता येते, ही समजूत फार जुनी नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चांगल्या रुग्णालयांतही अशा रुग्णाच्या वाट्याला बहुधा वॉर्डाच्या टोकाची खाट येई. निदान व्हायचे, नातेवाइकांना परिस्थितीची कल्पना दिली जायची आणि पुढचे दैवावर सोपवले जायचे. आज त्याच रुग्णासाठी अँब्युलन्समधून आगाऊ फोन जातो, स्कॅनचे मशीन मोकळे ठेवले जाते आणि घड्याळाकडे बघत धावपळ सुरू होते. एखाद्या जालीम औषधाने हा पालट घडवला असेल असे सहज वाटते. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. रुग्ण आधी वाचू लागले ते वॉर्डाची मांडणी बदलल्यामुळे. औषध त्यानंतर पंधरा वर्षांनी हाती आले.

आजार मात्र माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या अध्यायात पक्षाघात आणि अर्दित (चेहऱ्याचा लकवा) यांचे वर्णन आहे, आणि ‘अंगावरून वारे गेले’ असे खेड्यापाड्यांत अजूनही म्हणतात त्यामागे हीच वाताची कल्पना आहे. ग्रीक वैद्यांनी या झटक्याला ‘अपोप्लेक्सी’ म्हटले. झटका जोरदार असेल तर उपाय नाही आणि सौम्य असेल तरी तो सोपा नाही, असा हिप्पोक्रेटिसच्या परंपरेचा निर्वाळा होता. दोन हजार वर्षे त्यात फारशी भर पडली नाही.

कारण कळू लागले ते शवविच्छेदनामुळे. स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउजेन गावचा वैद्य योहान याकोब वेप्फर याने झटक्याने मेलेल्या रुग्णांचे मेंदू उघडून पाहिले आणि १६५८ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. काही मेंदूंत रक्त साकळलेले होते. मेंदूकडे जाणाऱ्या वाहिन्या तुंबल्या तरी असाच परिणाम होईल, असेही त्याने मांडले. १६६४ मध्ये टॉमस विलिसने मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या कड्याचे वर्णन केले; त्याच्या ग्रंथातली चित्रे पुढे लंडनचे सेंट पॉल कॅथेड्रल उभारणाऱ्या ख्रिस्तोफर रेनने काढली होती. इटलीच्या मोर्गान्यीने १७६१ मध्ये दाखवले की शरीराची डावी बाजू गेली असेल तर इजा मेंदूच्या उजव्या भागात सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जर्मनीत रुडॉल्फ व्हिर्खोने गुठळी कशी धरते आणि सुटून दुसरीकडे कशी अडकते याचा उलगडा केला. इतके सगळे ठाऊक झाले, पण खाटेवरच्या रुग्णाला त्यातले काहीच उपयोगी पडले नाही. ज्ञान शवागारात होते आणि रुग्ण वॉर्डात.

सत्ताधीशांनाही याहून वेगळे काही मिळत नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदला गेला होता. तो खाली आणणारे भरवशाचे औषध डॉक्टरांकडे नव्हते. जून १९५३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांना डाउनिंग स्ट्रीटवरच्या एका मेजवानीनंतर झटका आला. त्यांना रुग्णालयात हलवले नाही. गावाकडच्या घरी नेऊन ठेवले आणि बातमी दडवली. दडवण्यामागे राजकारण होते हे खरे, पण रुग्णालयात नेऊन तरी काय वेगळे केले असते, हा प्रश्न त्या काळी गैरलागू नव्हता.

पहिली फट पडली ती लंडनच्या पश्चिमेकडच्या एका रुग्णालयात. १९३५ मध्ये वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारच्या गरीबखान्यातले रुग्ण ताब्यात घेतले आणि ते वॉर्ड मार्जरी वॉरेन या डॉक्टरबाईंकडे आले. तिथे वर्षानुवर्षे खाटेला खिळलेली म्हातारी माणसे एकत्र कोंबलेली होती आणि त्यांत पक्षाघाताने लुळे पडलेले बरेच होते. वॉरेनबाईंनी एकेकाला तपासून त्यांची वर्गवारी केली. कोण बसू शकेल, कोण धरून उभा राहील, कोणाला चालायला शिकवता येईल, हे ठरवून त्यांनी परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट कामाला लावले. कित्येक जण खाटेवरून उठले आणि काही तर घरी गेले. हे रुग्ण आजाराने जितके पंगू झाले होते तितकेच पडून राहिल्याने झाले होते, हे त्यातून उघड झाले. ब्रिटनमधल्या वृद्धवैद्यकाची सुरुवात इथूनच मानली जाते.

त्यानंतरची वाट मात्र चुकली. १९६०च्या दशकात हृदयविकारासाठी खास अतिदक्षता विभाग निघाले आणि तिथली मृत्युसंख्या घटू लागली. मग पक्षाघातालाही तेच सूत्र लावावे असे अमेरिकेतल्या काही रुग्णालयांना वाटले. मॉनिटर आले, नळ्या आल्या, रात्रंदिवस पहारा आला, खर्चही आला. मृत्यू काही कमी झाले नाहीत. हृदयाची लय बिघडली तर विजेचा झटका देऊन ती ताळ्यावर आणता येते; मेंदूचा मेलेला भाग पडद्यावर कितीही पाहिला तरी जिवंत होत नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘पक्षाघातासाठी वेगळा विभाग म्हणजे पैशाची नासाडी’ असे मत बऱ्यापैकी रूढ झाले होते.

एडिंबरामध्ये याच सुमारास एक साधा प्रयोग झाला. पक्षाघाताच्या वृद्ध रुग्णांपैकी निम्मे त्यासाठी राखलेल्या वॉर्डात आणि निम्मे नेहमीच्या मेडिकल वॉर्डांत दाखल झाले. कोण कुठे जाणार ते चिठ्ठीने ठरले. राखीव वॉर्डात भारी यंत्रे नव्हती. फरक होता तो माणसांत: त्याच आजाराचे काम रोज करणाऱ्या परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि वाणीतज्ज्ञ, आणि त्या सगळ्यांची एकत्र बैठक. १९८० मध्ये निकाल छापून आले. घरी जाताना राखीव वॉर्डातले ५० टक्के रुग्ण स्वतःचे स्वतः करू शकत होते, तर इतर वॉर्डांतले ३२ टक्के. वर्षभराने पुन्हा पाहिले तेव्हा मात्र हा फरक पुसला गेला होता. घरच्यांनी जास्तच जपल्यामुळे कमावलेली हालचाल हातची गेली असावी, असा संशोधकांचा एक तर्क होता. आपल्याकडे ‘बाबांना उठवू नका, त्रास होईल’ म्हणणारी घरे पाहिली की हा तर्क अगदीच परका वाटत नाही.

स्वीडनच्या उमेओमध्ये १९८५ च्या सुमारास राखीव वॉर्डाचा असाच फायदा दिसून आला. शंका फिटली ती नॉर्वेतल्या ट्रॉन्हाइममध्ये. बेंट इंद्रेदाविक आणि सहकाऱ्यांनी २२० रुग्ण घेतले, ११० इकडे आणि ११० तिकडे. त्यांनी तातडीचे उपचार आणि पुनर्वसन एकाच वॉर्डात, पहिल्या दिवसापासून सुरू केले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे बोलके होते. सहा आठवड्यांनी खास वॉर्डातले ७.३ टक्के रुग्ण दगावले होते, साध्या वॉर्डातले १७.३ टक्के. घरी परतलेल्यांचे प्रमाण ५६ टक्के विरुद्ध ३३ टक्के असे होते. इथे फरक वर्षभरानेही टिकला, आणि दहा वर्षांनी पुन्हा चौकशी केली तेव्हाही खास वॉर्डातून गेलेल्यांपैकी जास्त जण जिवंत आणि आपल्या घरी होते. गुठळी विरघळवणारे औषध या रुग्णांपैकी कुणालाही दिलेले नव्हते.

मग त्या वॉर्डात होत काय होते? पक्षाघाताचा रुग्ण पहिल्या आठवड्यानंतर दगावतो तो बहुधा मेंदूच्या इजेने नव्हे, तर तिच्या मागून येणाऱ्या गोष्टींनी. घशाचे स्नायू लुळे पडले की पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते. तोंड कोरडे पडलेय म्हणून नातेवाईक मायेने चमचाभर पाणी घालतात आणि तिसऱ्या दिवशी न्यूमोनियाचा ताप चढतो. खास वॉर्डात पहिला घोट देण्याआधी परिचारिका रुग्णाला बसते करते, चमच्याने थोडे पाणी देते, गिळताना कंठ वर सरकतो का ते बघते, ठसका लागतो का, आवाज घोगरा होतो का हे ऐकते. शंका आली की तोंडाने काही नाही. नळी घातली जाते. दर दोन तासांनी कूस बदलली की पाठीला जखमा होत नाहीत. लुळा हात उशीवर नीट ठेवला आणि त्याला धरून रुग्णाला ओढले नाही, तर खांदा निखळत नाही. पायाच्या शिरांत गुठळ्या धरू नयेत म्हणून त्याला लवकर हलवले जाते. ताप, साखर, ऑक्सिजन यांवर नजर असते. यातले एकही काम असे नाही की जे साध्या वॉर्डात अशक्य आहे. पण चाळीस वेगवेगळ्या आजारांच्या चाळीस रुग्णांत ते रोज, न चुकता, प्रत्येक पाळीत होत नाही.

लहान लहान चाचण्यांचे निकाल ग्लासगोच्या पीटर लँगहॉर्न यांनी एकत्र केले. १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या लेखात दहा चाचण्या आणि दीड हजारांवर रुग्ण होते, आणि संघटित वॉर्डामुळे मृत्यू घटतात हे त्यातून ठळकपणे दिसले. १९९५ मध्ये स्वीडनच्या हेल्सिंगबोर्ग इथे युरोपातले तज्ज्ञ आणि जागतिक आरोग्य संघटनेचे प्रतिनिधी जमले. २००५ पर्यंत युरोपातल्या प्रत्येक पक्षाघाताच्या रुग्णाला खास वॉर्ड मिळावा, असे उद्दिष्ट त्यांनी जाहीर केले. ते मुदतीत पुरे झाले नाही. तरी ‘वॉर्ड हवा का’ हा वाद मिटला आणि ‘कधी देणार’ हा सुरू झाला.

१९९५ च्याच डिसेंबरात औषध आले. पण त्याची वाट आधी स्कॅनने मोकळी केली होती. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे बाहेरून खात्रीने सांगता येत नाही, आणि रक्तस्राव असताना गुठळी विरघळवणारे औषध देणे म्हणजे आगीत तेल. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी ईएमआय कंपनीत घडवलेल्या सीटी स्कॅनरवर पहिल्या रुग्णाचा मेंदू १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या अॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात टिपला गेला. साकळलेले रक्त त्यावर पांढरेशुभ्र दिसते. १९७९ चे नोबेल हाउन्सफील्ड आणि अॅलन कॉरमॅक यांना मिळाले. स्ट्रेप्टोकायनेज या जुन्या औषधाच्या चाचण्या मात्र मेंदूत रक्तस्राव वाढल्यामुळे थांबवाव्या लागल्या. १९९५ ची अमेरिकन चाचणी अल्टेप्लेज या औषधाची होती. ६२४ रुग्णांना झटक्यापासून तीन तासांच्या आत ते किंवा नकली औषध दिले गेले. तीन महिन्यांनी औषध मिळालेल्यांत जवळजवळ पूर्ण बरे होण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी जास्त आढळली. लक्षणे बिघडवणारा रक्तस्राव मात्र ६.४ टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात तो ०.६ टक्के होता. पुढच्या वर्षी अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली आणि २००८ च्या युरोपीय चाचणीने मुदत साडेचार तासांपर्यंत नेली.

औषधाने वॉर्डाची जागा घेतली नाही, उलट व्यवस्थेचे महत्त्व आणखी वाढवले. हे औषध वजनाच्या हिशेबाने, दर किलोला ०.९ मिलिग्रॅम, द्यायचे. दहावा हिस्सा एकदम शिरेत आणि उरलेला तासाभरात. इंजेक्शन अवघड नाही, वेळेत पोहोचणे अवघड. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला की मोठी वाहिनी तुंबली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. आणि रुग्णालयाच्या दारात आल्यावरही रुग्ण तास-दीड तास अडकत होता: नोंदणी, केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, स्कॅनची रांग, डॉक्टरांची वाट.

हेलसिंकीच्या विद्यापीठ रुग्णालयाने हा गुंता जिथे जिथे होता तिथे तिथे सोडवला. १९९८ मध्ये तिथे दारापासून सुईपर्यंतच्या वेळेचा मध्यक १०५ मिनिटे होता. अँब्युलन्सवाल्यांनी निघतानाच फोन करायचा असे ठरले. रुग्ण रस्त्यात असतानाच त्याचे नाव-क्रमांक घेऊन स्कॅन आणि तपासण्यांची मागणी नोंदवली जाऊ लागली. झटका नेमका कधी आला आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे डॉक्टर घरच्यांना फोनवर विचारू लागले. स्कॅनर आपत्कालीन विभागातच आणला. अँब्युलन्सचे स्ट्रेचर खोलीत न थांबता थेट स्कॅनरपाशी जाऊ लागले आणि औषध तिथल्या टेबलावरच दिले जाऊ लागले. प्रयोगशाळेच्या सगळ्या अहवालांसाठी खोळंबणे बंद झाले. २०११ पर्यंत मध्यक २० मिनिटांवर आला. यातल्या बहुतेक बदलांना नव्या शोधाची गरज नव्हती. वेगवेगळ्या खात्यांनी आपापली हद्द सोडण्याची होती. कुठल्याही रुग्णालयात हेच सर्वांत महाग पडते.

लंडनने प्रश्न शहराच्या पातळीवर घेतला. तिथे सुमारे तीस रुग्णालये पक्षाघाताचे रुग्ण घेत, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. २०१० मध्ये ठरले की पहिले काही दिवस सगळे रुग्ण शहरातल्या आठच केंद्रांत जातील आणि मग घराजवळच्या वॉर्डात परततील. जवळचे रुग्णालय ओलांडून अँब्युलन्स पुढे नेण्याला विरोधही झाला. पण चार वर्षांनी आलेल्या पाहणीत, इंग्लंडच्या इतर भागांशी तुलना करता, लंडनमधले ९० दिवसांतले मृत्यूचे प्रमाण १.१ टक्क्याने जास्त घटलेले आढळले. मँचेस्टरनेही त्याच सुमारास पुनर्रचना केली, पण तिथे फक्त लवकर पोहोचणारे रुग्ण मोठ्या केंद्रांत जात. त्या अर्ध्यामुर्ध्या योजनेने मृत्यू घटल्याचे दिसले नाही. पुढे तिथेही नियम सर्वांना लागू केला, तेव्हा सुधारणा झाली.

मोठ्या वाहिनीतली मोठी गुठळी मात्र औषधाला सहसा दाद देत नव्हती. जांघेतल्या धमनीतून नळी मेंदूपर्यंत नेऊन जाळीने गुठळी बाहेर ओढायचे तंत्र निघाले, पण २०१३ मधल्या तीन चाचण्यांत ते नापास झाले. नेदरलँड्समधली ५०० रुग्णांची चाचणी २०१५ च्या सुरुवातीला छापून आली आणि चित्र फिरले. यंत्रे सुधारली होती आणि मोठी वाहिनी खरोखर तुंबलेली आहे हे आधी स्कॅनवर पाहून रुग्ण निवडले होते. तीन महिन्यांनी स्वावलंबी असलेल्यांचे प्रमाण ३२.६ टक्के, नुसत्या औषधावर १९.१ टक्के. त्याच वर्षात आणखी चार चाचण्यांनी दुजोरा दिला. २०१८ मध्ये निवडक रुग्णांसाठी गुठळी ओढून काढण्याची मुदत २४ तासांपर्यंत वाढली.

या झगमगाटात परिचारिकांचे काम मागे पडेल असे वाटत असतानाच ऑस्ट्रेलियातून दोन निकाल आले. न्यू साउथ वेल्समधल्या १९ पक्षाघात विभागांत ताप, साखर आणि गिळण्याची चाचणी या तीन गोष्टींसाठी परिचारिकांना ठरीव पद्धत शिकवली. २०११ च्या अहवालानुसार ९० दिवसांनी मृत वा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण ५८ ऐवजी ४२ टक्के होते. तीन साध्या गोष्टींचा इतका परिणाम क्वचितच दिसतो. दुसरा निकाल उत्साहाला लगाम घालणारा होता. लवकर उठवणे चांगले, तर पहिल्या २४ तासांतच वारंवार उठवून उभे करणे आणखी चांगले, असा समज होता. दोन हजारांवर रुग्णांच्या या चाचणीत २०१५ मध्ये उलटे दिसले: घाईने उठवलेल्यांत चांगल्या स्थितीतले रुग्ण कमी निघाले.

भारतात हा इतिहास उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आला. मुंबईत जे. जे. रुग्णालयात नोशीर वाडिया यांनी १९५७ मध्ये न्यूरॉलॉजीचा विभाग उभारला. पण शहरात नेमक्या किती जणांना पक्षाघात होतो, याचा वस्तीवर आधारलेला भरवशाचा आकडा २००५-०६ च्या पाहणीतून हाती आला. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या एका भागातल्या रुग्णांच्या नोंदी घेतल्या. वर्षाला लाखामागे सुमारे १४५ नवे रुग्ण आढळले आणि त्यांतले जवळपास ३० टक्के २८ दिवसांत दगावले. २०१३ च्या एका आढाव्यात देशभरातले पक्षाघात विभाग जेमतेम ३५ भरले, तेही मुख्यतः शहरांत आणि खासगी रुग्णालयांत.

आडवाटेचे उपायही निघाले. हिमाचल प्रदेशात जिल्हा रुग्णालयांत न्यूरॉलॉजिस्ट नव्हते, पण स्कॅनर होते. २०१४ च्या सुमारास तिथे सरकारने औषध मोफत पुरवले आणि जिल्ह्यातल्या फिजिशियनने मोबाइलवर स्कॅनची चित्रे पाठवून तज्ज्ञाच्या सल्ल्याने ते द्यायचे, अशी सोय केली. महाराष्ट्रात त्याच वर्षी १०८ क्रमांकाच्या अँब्युलन्स धावू लागल्या. टेनेक्टेप्लेज हे अल्टेप्लेजचे भावंड. ते तासभर थेंबथेंब न देता एकाच इंजेक्शनात द्यायचे, त्यामुळे लहान रुग्णालयातून रुग्ण पुढे पाठवणे सोपे जाते. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने बनवलेल्या या औषधाला भारतात पक्षाघातासाठी २०१६ मध्ये परवानगी मिळाली. अमेरिकेत ती मार्च २०२५ मध्ये मिळाली.

घरी गेल्यावरचे पुनर्वसन हा भारतात सर्वांत मोठा अभाव. थेरपिस्ट कमी आहेत आणि घरात माणसे आहेत. तेव्हा नातेवाइकांनाच शिकवावे, ही कल्पना पटण्याजोगी होती. देशातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर तिची चाचणी झाली. कुटुंबातल्या एकाला रुग्णालयात आणि मग घरी व्यायाम, बसवणे, उठवणे शिकवले. २०१७ मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी शिकवलेल्या गटात ४७ टक्के रुग्ण मृत वा परावलंबी होते, आणि न शिकवलेल्या गटातही ४७ टक्केच. औषधे आणि पथ्य यांची आठवण देणारे संदेश आणि चित्रफिती बारा भाषांत तयार करून केलेली चार हजारांवर रुग्णांची दुसरी मोठी चाचणी फायदा दिसण्याची शक्यता न उरल्याने मध्येच थांबवण्यात आली. तिचा अहवाल २०२३ मध्ये आला.